पोटावरची रेघ

हॉस्पिटलात तीन खोल्या होत्या पोरांच्या. एक काचेची, तिथं मशीन लावलेली पोरं. एक साधी, तिथं बरी झालेली पोरं खाटेवर उड्या मारत. आणि या दोघींच्या मधे एक, तिला सगळे मधली खोली बोलायचे. काचेतून जगून बाहेर आलेलं पोर आधी मधल्या खोलीत. तिथं टिकलं तर साध्यात, तिथून घरी. नाय टिकलं तर परत काचेत. काचेच्या खोलीबाहेर माणसाला देव आठवतो. साध्या खोलीत घरची भांडणं आठवतात. मधल्या खोलीत आम्हाला नुसता चहा आठवायचा.

माझी नात अडीच वर्षांची होती तेव्हाची ही गोष्ट. लोकांकडं नुकते मोबाईल आलेले, मिस कॉल देऊन गप बसायचे ते दिवस. पोरीला ताप आला, तापानं छातीत काय बिघाड केला देव जाणे, पोर निळी पडायला लागली. मोरिवलीहून रिक्षात घालून उल्हासनगरला नेली. मुलगा कामासाठी गुजरातला. सून अंबरनाथच्या एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला, तिथं चार खाडे केले की दुसरी बाई उभी. मग पोरीजवळ बसणार कोण? म्हातारी. म्हातारीला कुठं हजेरी लागते.

काचेच्या खोलीत सात दिवस काढले पोरीनं. मी बाहेर बाकावर. रडली नाय मी. माझी स्वतःची दोन गेलेली, एक चाळीस दिवसांचं, एक चालायला लागलेलं. तेव्हा घरातच गेली, डॉक्टरनं नाडी पण नाय बघितली. तेव्हा जे काय रडायचं ते रडून झालेलं. आता बाकावर बसून एवढंच ठरवलं, का ही पोर मी घरी घेऊन जाणार. बाकी त्या डॉक्टरांचं त्यांनी बघावं.

आठव्या दिवशी मधल्या खोलीत आणली. तिथं आम्हाला एक शिकाऊ डॉक्टरीण मिळाली.

शिकाऊ म्हणजे डॉक्टर झालेलीच, पण पोरांची डॉक्टर व्हायला अजून शिकत होती. नागपूरच्या पण पलीकडची कुठली तरी. केस बांधायला वेळ नाय, डोळे लाल, खिशात चार पेनं आणि एक अर्धा खाल्लेला बिस्किटाचा पुडा. मोठे डॉक्टर सकाळी यायचे, त्यांच्या मागं ही आणि अजून एकदोन शिकाऊ, बदकाच्या पिल्लांसारखी रांग. मोठे डॉक्टर चालता चालता प्रश्न विचारायचे. उत्तर नाय आलं तर आमच्या पुढ्यात पाणउतारा. आम्ही सगळ्या बाया खाटेशेजारी बसून बघायचो. शेजारच्या खाटेवर एका सिंधी बाईचा नातू होता, ती माझ्याच वयाची. ती मला कोपरानं ढोसायची, "देख, आज किसका नंबर लगता है." टीव्ही नव्हता ना तिथं.

माझी नात या शिकाऊ डॉक्टरणीला बघितलं की किंचाळायची. सांगते का ते. ही यायची, गार हात, गार नळी, सरळ पोटावर. पोर आक्रोश करायची. डॉक्टरीण मग अजून दाबायची. आणि घामाघूम व्हायची.

तिसऱ्यांदा हे झाल्यावर मी बोलली, "ए बाय, तू पोरीला बघते का कणिक मळते?"

ती कावरीबावरी. "आजी, पोट कडक करून राहिली ती. काही समजतच नाही."

"तुझ्या पोटावर कोणी बर्फ ठेवला तर तू काय करशील?"

सिस्टर लांबून ओरडली, "ओ आजी, डॉक्टरांना शिकवू नका!" बदलापूरची होती ती सिस्टर, आवाज असा का कर्जतपर्यंत जाईल.

मी काय ऐकते. मी डॉक्टरणीला खाटेवर बसवली. पोरीला तिच्या मांडीवर दिली, तोंड माझ्याकडं, पाठ डॉक्टरणीच्या पोटाला, गुडघे वर. पोरीच्या हातात बिस्किट दिलं, डॉक्टरणीच्याच खिशातलं. मग बोलली, "आता दोन्ही हात एकमेकांवर घास. चांगले घास, शेकोटीपाशी घासतात तसे. आणि आता खालनं हळू वर ये. म्हशीच्या कासेला हात लावतात तसा. धसकन नाय."

पोर बिस्किट चोखत बसली. पोट लोण्यासारखं मऊ. डॉक्टरणीनं डोळे मिटले, बोटं हळू हळू वर नेली आणि एकदम थांबली. तिचं तोंड असं उजळलं जशी कोणाची हरवलेली चावी सापडली.

"लागलं आजी! लिव्हर लागलं!"

"लिव्हर म्हणजे कलेजी ना?"

"हो, कलेजीच."

बोकडाची कलेजी मी जन्मभर कापली. माणसाची कुठं असते ते त्या दिवशी कळलं, उजव्या बरगडीखाली.

मग तिनं मला समजावलं. तापानं पोरीचं हृदय दमलं. दमलेलं हृदय रक्त पुढं ढकलत नाय, मग ते मागं तुंबतं आणि लिव्हर फुगतं. फुगलं का बरगडीच्या खाली येतं. हृदय सुधारलं का परत वर जातं.

"म्हणजे गटार तुंबलं का मोरीत पाणी वर येतं, तसं," मी बोलली.

ती विचार करून बोलली, "हो. तसंच." आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी विचारल्यावर दुसऱ्या शिकाऊ पोराला येईना, तर तिनं त्याला हेच गटाराचं हळूच सांगितलेलं मी माझ्या कानानं ऐकलं. माझं नाव नाय घेतलं. असू दे.

त्याच दिवशी तिनं खिशातलं एक काळं पेन काढलं आणि लिव्हर जिथं संपत होतं तिथं पोरीच्या पोटावर एक रेघ मारली. आडवी, बोटभर लांब. बोलली, "आजी, ही आपली खूण. लिव्हर या रेघेच्या वर वर जात राहिलं तर घरी. रेघेच्या खाली आलं तर परत काचेत."

परत काचेत. एवढं ऐकलं आणि ती रेघ माझ्या डोक्यात बसली.

रोज सकाळी ती यायची, हात घासायची, पोरीला मांडीवर घ्यायची. पोर आता तिला बघून हात पुढं करायची, बिस्किटासाठी. डॉक्टरीण बोट लावायची आणि माझ्याकडं बघून हसायची. "रेघेच्या अर्धं बोट वर." दुसऱ्या दिवशी, "एक बोट." ते ती कागदावर लिहायची. मी सुनेला सांगायची, सून संध्याकाळी कंपनीतून यायची ती आधी फ्रॉक वर करून रेघच बघायची. त्या रेघेकडं बघून तिला काय कळायचं मला नाय माहीत, पण बघायची.

आता चूक कशी झाली ते सांगते.

पाचव्या दिवशी दुपारी पोरीच्या अंगाला हात लावला तर सालपटं निघत होती. सतत पंख्याखाली, पट्ट्या लावून काढून कातडी अशी झालेली जशी वाळत घातलेली सुकट. तेलाशिवाय पोर म्हणजे काय पोर? आमच्या घरात पोर जन्मलं का पहिलं दूध आणि दुसरं तेल. हॉस्पिटलात तेल बंदी होती, सिस्टरनं पहिल्याच दिवशी दम भरलेला. पण माझ्या पिशवीत खोबरेलाची बाटली होती, लुगड्याच्या घडीत. सिस्टर डबा खायला गेली, मी बाटली काढली.

सिंधी बाई बोलली, "मार पडेगी तेरे को."

"तू दरवाजे पे देख," मी बोलली.

पाय चोळले, पाठ चोळली, हात चोळले. पोर गुदगुल्या होऊन हसायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा खळखळून. मला पण हुरूप आला. मग पोट चोळलं. गोल गोल, बेंबीभोवती, बरगडीपर्यंत. वर्षानुवर्षांचा हात, तो काय विचारून चालतो?

सिंधी बाईनं वाकून बघितलं. "अरी, लकीर किधर गयी?"

रेघ नव्हती. माझ्या तळव्याला काळं लागलेलं.

घाबरली मी. रेघ पुसली म्हणजे तेल लावलं हे कळणार. तेल लावलं हे कळलं का सिस्टर मला बाहेर काढणार. मला बाहेर काढलं का सुनेला कामावर खाडा. मग कंपनीत तिला ठेवणार कोण? डोक्यात हे सगळं एकदम.

पिशवीत काजळाची डबी होती, पोरीला तीट लावायला आणलेली. ती पण बंदीच होती म्हणा. मी बोटावर काजळ घेतलं.

"किधर थी?" सिंधी बाई विचारते.

"इथं कुठं तरी. बेंबीच्या वर."

ती माझ्यापेक्षा हुशार. बोलली, "थोडा ऊपर कर ना. डॉक्टरनी ऊपर बोलती है तो खुश होती है. ऊपर होगी तो जल्दी छुट्टी."

आणि मला ते पटलं! आज सांगताना हसू येतं, पण तेव्हा अगदी मनापासून पटलं. माझं वय रेशनकार्डावर एक, मतदानाच्या कार्डावर एक, आणि खरं कोणालाच माहीत नाय. घराच्या कागदावर सासऱ्याचं नाव वेगळंच लिहिलंय. सरकारी कामात जे लिहिलेलं असतं तेच खरं असतं, हे मी चाळीस वर्षं बघितलं. रेघ पण तशीच एक लिहिलेली गोष्ट. वर असली म्हणजे बरं, तर मग ठेवू वर. मी चांगली तीन बोटं वर सरकवून रेघ ओढली. काजळ जास्त झालेलं, जरा जाडच आली. वरनं पदरानं टिपली. फ्रॉक खाली केला आणि तोंड असं केलं का मी गावची भोळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिकाऊ डॉक्टरीण उशिरा आली, दुसऱ्या खाटेवरचं पोर उलट्या करत होतं तिथं अडकलेली. माझ्या नातीला बघायच्या आधीच मोठे डॉक्टर आले. मागं बदकं.

मोठ्या डॉक्टरांनी स्वतः पोट बघितलं. पोर शांत होती. त्यांनी बोट वर नेलं, थांबले, परत नेलं. कपाळाला आठी.

"काल काय लिहिलंय?"

"रेघेच्या एक बोट वर, सर."

"आणि आज दोन बोटं खाली आहे. एका दिवसात तीन बोटं फुगलं आणि तुम्ही चहा पिताय?"

डॉक्टरणीचं तोंड पांढरं फटक. "सर, काल तर..."

"बरगडीपासून किती बोटं होतं काल?"

ती कागद उलटसुलट करायला लागली.

"बरगडीपासून लिहिलंय का?"

"नाही सर. रेघेपासून लिहून राहिली होती."

"रेघ काय शाळेच्या भिंतीवर मारलीय का? पोराच्या पोटावर आहे! तुमच्या हाताला काही कळतं का नुसतंच फिरवता? बाकी पोरगी बरी दिसतेय, पण हे बघून मी धोका नाय घेणार. सिस्टर, काचेत हलवा. आत्ता."

सिस्टरनं फाईल उचलली. वॉर्डबॉयला हाक मारली. शिकाऊ डॉक्टरीण उभी होती तशीच, डोळ्यांत पाणी, पण पडू देत नव्हती. तिला वाटलं तिच्याच हाताला कळलं नाय. माझ्या नातीनं तिच्याकडं हात पुढं केले, बिस्किटासाठी.

मी मोठ्या डॉक्टरांच्या बोटाकडं बघितलं. बोटाचं टोक काळं झालेलं. त्याच बोटानं त्यांनी नाक खाजवलं, तर नाकावर पण काजळ.

सिंधी बाई खाटेखाली बघत होती. चप्पल शोधत असल्यासारखी.

काचेत गेलेलं पोर परत येतंच असं नाय. हातातून गेलेलं पोर मी दोनदा बघितलेलं. मी उठली.

"साहेब, ती रेघ हिची नाय. माझी हाय."

"काय?"

"काल तेल लावताना हिची रेघ पुसली. मी काजळानं परत मारली. जरा वर मारली."

"वर का?"

"वर असली का घरी सोडतात, बोलली होती ही."

वॉर्डबॉय खाट ढकलायला आलेला, तो तिथंच थांबला. मग सिस्टर, "तेल? माझ्या वॉर्डात तेल? आजी!"

मोठ्या डॉक्टरांनी आपलं बोट बघितलं. नाकाला लावून हुंगलं. "खोबरेल," बोलले. मागची बदकं खाली माना घालून हलत होती, हसू दाबत.

"तुम्हाला बाहेर काढतो मी."

"काढा. पण पोरीला काचेत नका टाकू. आणि हिला नका बोलू. हिचा हात चांगला झालाय आता. आधी नव्हता."

तिनं माझ्याकडं असं बघितलं का खाऊ का गिळू. बरोबरच होतं तिचं.

मोठ्या डॉक्टरांनी स्पिरिटचा कापूस घेतला आणि माझी रेघ पुसून टाकली. पोट कोरं. मग डॉक्टरणीला बोलले, "आता रेघ नाय, आजी नाय, कागद नाय. तुमचा हात आणि हिचं पोट. सांगा, बरगडीपासून किती?"

एवढ्या आरडाओरडीनं पोर रडायला लागलेली. पोट दगड. डॉक्टरीण पुढं आली. सगळ्यांच्या समोर खाटेवर बसली, चप्पल काढून. पोरीला मांडीवर घेतलं, गुडघे वर. खिशातलं बिस्किट काढलं. दोन्ही हात घासले, चांगले घासले. मोठे डॉक्टर घड्याळ बघत होते. ती थांबली, पोरीचा हुंदका संपेपर्यंत थांबली. मग डोळे मिटून खालनं वर.

"दोन बोटं, सर."

"नक्की?"

"दोन."

मोठ्या डॉक्टरांनी परत बघितलं. "दोन," बोलले, नाइलाजानं. मग सिस्टरकडनं काचेच्या खोलीतला जुना कागद मागवला. तिथं कोणी तरी शहाण्यानं नीट लिहून ठेवलेलं, बरगडीपासून चार. चाराचं दोन झालेलं.

"काचेत नका हलवू," ते बोलले. फाईल खाली ठेवली. जाताना डॉक्टरणीला एवढंच बोलले, "रेघ कितीही मारा. आकडा बरगडीपासून लिहायचा. बरगडी कोणी आजी पुसत नाय."

नाकावर काजळ तसंच. कोणी सांगितलं नाय. दुपारपर्यंत फिरले म्हणे तसेच.

मला शिक्षा झाली, दोन दिवस वॉर्डाबाहेर. सुनेनं दोन खाडे केले, कंपनीत बोलणी खाल्ली, आणि घरी आल्यावर ती सगळी व्याजासकट मला दिली. मी ऐकून घेतली. जिन्यावर बसून डबा खायची. सिंधी बाई चहा आणून द्यायची, "मेरी गलती थी," बोलायची. मी बोलली, "तुझी नाय. बोट माझंच होतं."

डॉक्टरीण दोन दिवस माझ्याशी बोलली नाय. तिसऱ्या दिवशी जिन्यानं वर जाताना थांबली. "आजी, दीड बोट." एवढंच बोलून गेली. चार पायऱ्या चढून परत आली. "आणि तुम्ही खरं नसतं सांगितलं ना, मी घरी निघून गेली असती. बॅग भरायचंच मनात होतं."

"मग बिस्किटं कोण देणार होतं?" मी बोलली.

ती हसली नाय. पण पिशवीतनं काय तरी काढून हातात दिलं, संत्र्याची बर्फी, गावाकडनं आलेली.

पुढच्या सोमवारी पोरीला साध्या खोलीत हलवलं आणि त्यानंतर चार दिवसांनी घरी सोडलं. निघताना डॉक्टरणीनं परत एक रेघ मारली, बरगडीच्या अगदी जवळ, आणि कागदावर आकडा पण लिहिला, मला दाखवून लिहिला, जसं काय मला वाचता येतं. "आठ दिवसांनी दाखवायला या. आणि आजी..."

"नाय पुसत."

घरी मोरिवलीला आल्यावर रोज तेल. बंदी करायला इथं कोण होतं. पण रेघेभोवती वीतभर जागा मी सोडायची. पाणी पण तिथं हळू. सून ओरडायची, "आई, अंघोळ नीट घाला, पोट काळं राहिलंय." शेजारणी विचारायच्या हे काय. मी बोलायची, हद्द हाय. तिथं आपली नाय, डॉक्टरची जमीन.

आठ दिवसांनी गेलो. मोठे डॉक्टरच बसलेले, डॉक्टरीण शेजारी, केस आज बांधलेले. त्यांनी फ्रॉक वर केला. सगळं अंग तुकतुकीत आणि मधेच एक कोरडा तुकडा, सालपटं निघालेला, त्यात ती रेघ.

"हे इथंच का कोरडं?"

"ती तुमची जागा हाय, साहेब. मी हात नाय लावला."

त्यांनी त्या तुकड्यावर बोट फिरवलं. डॉक्टरणीला खूण केली. तिनं हात घासले. पोरीला मांडीवर घेतलं. खालनं वर गेली, बरगडीपर्यंत गेली, बरगडीच्या आत बोट घातलं. डोळे उघडले.

"लागत नाही, सर."

माझा जीव गेला. "लागत नाय म्हणजे?"

"म्हणजे आजी, जागेवर गेलं. आता शोधून पण सापडत नाही."

मोठ्या डॉक्टरांनी पण बघितलं. मग कापसानं ती रेघ स्वतः पुसली आणि बोलले, "जा. लावा आता तेल, कुठं लावायचं तिथं."

बाटली पिशवीतच होती. मी तिथंच टेबलाशेजारी झाकण उघडलं, त्या कोरड्या तुकड्यावर चांगलं दोन बोटं तेल घातलं. आतल्या खोलीतनं बदलापूरच्या सिस्टरचा आवाज आला, "कोण तेल काढतंय तिकडं?"

मोठे डॉक्टर बोलले, "सिस्टर, मी."

पोर हसत होती.